न पुसलेला फळा

मी, खाली सही करणारा, पदवीच्या वर्गांना पाश्चात्त्य संगीतातली हार्मनी शिकवून निवृत्त झालेला शिक्षक, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाला बळी न पडता वा लाडीगोडीला न भुलता ही व्यवस्था लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. संध्याकाळी मला काय ऐकू येतं हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१. राहतं घर धाकट्या बहिणीला. मात्र कलम ५ पुरं होईपर्यंत तिच्या नवऱ्याने मागच्या खोलीला हात लावायचा नाही. "एका फळ्यापायी अख्खी खोली अडवलीये तुम्ही," असं तो मला तोंडावर म्हणाला आहे. खोली माझी आहे, अडेल तितकी अडेल.

२. बँकेतली शिल्लक स्वयंपाकाच्या मावशींना. त्यांना त्या खोलीची भीती वाटते, तरी चहा दारापर्यंत आणून ठेवतात.

३. पियानो कॉलेजला. विभागप्रमुखांनी त्यावर फुलदाणी ठेवू नये. फळ्याऐवजी पडद्यावर हार्मनी शिकवायची टूम त्यांचीच. चुकलेला स्वर आपल्या बोटांनी पुसल्याशिवाय अक्कल येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

४. फळ्याविषयी. माझी पद्धत अशी, की एकाच वेळी गायच्या चार आवाजांपैकी तीन मी फळ्यावर लिहायचे आणि वरून दुसरा, मधला आल्टो रिकामा सोडायचा. तो एका विद्यार्थ्याने भरायचा, मग चार रांगांनी चार आवाज गायचे. आल्टोकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण तो काढला की सगळं पोकळ वाटतं. शेवटी आल्टो लिहिणाऱ्यानेच फळा पुसायचा. फळा पुसला की वर्ग सुटला, त्याआधी कोणी उठायचं नाही.

माझी मुलगी माझ्याच वर्गात होती. त्या दिवशी आल्टो तिच्याकडे होता आणि शेवटचा एक स्वर तेवढा राहिला होता. आधीचा स्वर 'नी'. त्याने वर 'सा'वर जावं असं मी शिकवतो. तिला खाली 'प'वर उतरायचं होतं.

"बाबा, मधल्या आवाजाला जाऊ द्या ना खाली. कोण बघतंय?"

"मी बघतोय. आणि वर्गात सर म्हणायचं."

वर्ग हसला, तीही हसली. मग कपाळ दाबत म्हणाली, "डोकं ठणकतंय. उद्या लिहिते." खडू ठेवून ती गेली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. सकाळ झाली तेव्हा ती नव्हती.

कॉलेजला नवा फळा घेऊन दिला आणि हा घरी आणला. तेव्हापासून पियानोवर ते तीन आवाज वाजवले की मागच्या खोलीतून चौथा येतो. तिचाच. 'नी'पर्यंत येतो आणि थांबतो. मला भीती वाटत नाही. एवढीच भेट उरली आहे, म्हणून माझ्या हयातीत फळ्याला कोणी फडकं लावायचं नाही. पण वर्ग सुटलेला नाही, हेही मला कळतं. पोरगी किती दिवस ताटकळली आहे.

५. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण आज माझ्या जागी शिकवते. "सर, आता पुसूया," असं ती म्हणाली म्हणून मी तिच्याशी अबोला धरला. बोलली ते खरं होतं. फळा तिला. मी गेल्यावर तिने आपला वर्ग त्या खोलीत आणावा. मुलांनी तीन आवाज गावेत, आल्टो कोणी गाऊ नये. 'नी' आला की थांबावं. पुढे जे ऐकू येईल, वर किंवा खाली, ते तिने लिहावं. काहीच ऐकू आलं नाही, तर तिला रुचेल ते लिहावं. चूक दाखवायचा लाल खडू वापरू नये. मग फळा स्वच्छ पुसावा आणि मोठ्याने सांगावं, वर्ग सुटला.

फळा जिला दिला तिची साक्ष चालत नाही, म्हणून दुसरे दोघे बोलावले. सही करण्याआधी मी ते तीन आवाज वाजवले.

ठिकाण: राहतं घर, पियानोपाशी.
दिनांक: नव्या सत्राचा पहिला दिवस.
सही: हार्मनीचे सर

साक्षीदार, शेजारचे दंतवैद्य: सही माझ्यासमक्ष झाली.

साक्षीदार, पियानो जुळवणारा: सही माझ्यासमक्ष झाली. 'नी'पर्यंत मीही ऐकलं.