रेश्माच्या डावाची बातमी

सांगली,
रविवार, १२ जानेवारी २०२५

आदरणीय नाथाजी सर,

पायांवर डोकं ठेवतो. गुडघ्यांना थंडी सोसतेय ना? इकडे ठीक. बुद्धिबळाच्या पटांचं नि घड्याळांचं दुकान चालू लागलंय, पेपरातलं माझं सदरही लोक वाचतात. स्पर्धा सोडली तेव्हा तुम्ही म्हणालात, "ग्रँडमास्टर होऊन दुसऱ्याच्या चाली लिहीत बसणार व्हय रं?" तेव्हापासून माझा फोन घेत नाही. म्हणून पत्र.

इथली स्पर्धा आमच्या दुकानानंच भरवली. रेश्मा सुंदर खेळत होती. तुमची लेक म्हणून मीच मिरवत होतो.

काल तिनं हत्ती मारू दिला आणि डाव जिंकला. सर, ती चाल मलाही दिसली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. पण त्या चालीआधी ती बराच वेळ बाथरूममध्ये होती.

जिन्यात गाठून विचारलं, "कशी सुचली गं?"

ती रडायलाच लागली. "दादा, फोनात बघितली. आबांस्नी नगा सांगू. आवंदा हरून आलीस तर घरात पाऊल ठेवू नगंस म्हणालेत."

माझा भागीदार जयराज म्हणाला, "गप ऱ्हा गड्या. आपल्याच स्पर्धेतली चोरी तूच छापणार? धंदा बसंल." तुमच्या घरी जेवून मी खेळ शिकलो, सर. गप्प बसणं सोपं होतं.

तिला म्हणालो, "पंचांकडे तू जा. मी दारात उभा राहतो."

ती गेली. स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. तिला बाद केलंय, पुढची शिक्षा ठरायचीय. जयराजनं भागीदारी सोडली.

बातमी उद्याच्या पेपरात येईल. माझ्या नावानं, तिच्या नावासकट. कबुली तिनं आपणहून दिली, हेही लिहिलंय. माझं तोंड बघू नका, चालेल.

पण हे पत्र रेश्माच घेऊन येतेय. तिला साताऱ्याच्या एसटीत बसवायला आता स्टँडवर आलोय. मघाशी विचारत होती, "आबा घरात घेतील नव्हं?"

तुम्हाला न विचारता मी 'होय' म्हणालोय.

सर, ती दारात उभी असेल. तिला आत घ्या.

तुमचाच, तुम्ही मानलंत तर,
वीरधवल