आईची चाल, मोरागचं गाणं

५ जानेवारी
दिवसभर हॉटेलच्या रिझर्व्हेशनचे फोन, संध्याकाळी तिथल्याच लाउंजमध्ये व्हायोलिन वाजवणं. आमची गायिका मोराग आज स्वतःचं गाणं गायली. मॅनेजर मध्येच आला, "मॅडम, लोकांच्या ओळखीचं गा." तिने मान डोलावली. स्कॉटलंडात स्वतःच्या गाण्यांच्या रेकॉर्ड काढल्या होत्या तिने. चालल्या नाहीत, म्हणून इथे आखातात काँट्रॅक्टवर. मलाच जास्त राग आला.

१९ जानेवारी
मोराग जेवायला गुदैबियाला, आमच्याकडे. बोंबील खाऊन घामाघूम. मग सहज आईची चाल वाजवली, वसईला नवरी निघताना आई म्हणते ती. मो. जेवायची थांबली. परत परत वाजवायला लावली, फोनवर टेप केली. बरं वाटलं.

२ मार्च
काँट्रॅक्ट खलास, मो. गेली. म्हणाली, गाणी करणं सोडणार नाही. तिच्या जागी कीबोर्डवाला. व्हायोलिनची गरज नाही म्हणे.

२४ जून
मो.ने नव्या गाण्याची लिंक पाठवली. तिकडे रेडिओवर लागतंय, मोठ्या स्टेजवर बोलावणी येतायत. चाल आईची, पहिल्या सुरापासून. शब्द मो.चे, दूर गेलेल्या बहिणीवर. गाणं सुंदर झालंय, तेच जास्त लागलं. खाली लिहिलंय 'संगीत: पारंपरिक'. पारंपरिक कुठलं? मावशीच्या लग्नाला आईने स्वतः केलेली चाल.
रियाला सांगितलं. "ममा, इट्स जस्ट अ ट्यून." पोटची पोर.

२५ जून
मो.ला फोन केला. "मला वाटलं लोकगीत आहे. ते कुणा एकाचं नसतं ना."
"विचारायचं तरी."
"तू सांगायचं तरी."
मग म्हणाली, नाव घालते, आईचं पूर्ण नाव पाठव. आवाज रडका. मलाच वाईट वाटायला लागलं, त्याचाही वैताग.

२६ जून
आईला फोनवर गाणं ऐकवलं. भडकेल वाटलं होतं. शेवटपर्यंत ऐकलं. "पोरगी मनापासून म्हणते."
म्हटलं, तुझं नाव घालायला सांगितलंय.
"घाल नायतर नको घालू. तुला एवढं लागलं, मग तू का नाय कधी गायलीस? तुलाच तर शिकवलेली."
ड्यूटीचं निमित्त करून फोन ठेवला. ड्यूटी नव्हती.

२८ जून
आईचं नाव पाठवलं. मो.चं लगेच उत्तर: सप्टेंबरात तिच्या कार्यक्रमाला ये, चाल तू वाजव, आईचे शब्द तू गा. व्हायोलिन ठीक. पण गायचं?
मॅनेजरला रजा विचारली. "इंशाल्ला, बघू." म्हणजे मफी, नाहीच मिळणार. तरी मो.ला 'नाही' असं कळवलं नाही.
दुपारी रिया क्लासला गेल्यावर दार लावून गाऊन पाहिलं. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला. पाणी प्यायले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.