चुटक्या

४ मार्च

आज पुन्हा 'मी नदी आहे'वाली. बाई, तू बँकेत आहेस. हात हलवून माइकला नुसता वारा घातला. मग मिशीवाले प्राध्यापक — कागदातून डोकं वर काढलं तर शपथ. उभ्याने वाचली म्हणजे कविता सादर होत नाही, हे यांना कोण सांगणार? मीच सांगितलं, तोंडावर. कॅफे दुसऱ्याचा असेल, शुक्रवारची मैफल माझी आहे.

एक जण ऐनवेळी गळला म्हणून धाकट्याला ढकललं. माझा भाऊ, लहानपणापासून अडखळतो. बाबांच्या डब्यावरची कविता, आणि स्वारी 'बाबां'वरच अडली! आमच्याकडे कवी अडला की लोक धीर द्यायला चुटक्या वाजवतात. अख्खा कॅफे वाजवत होता. शब्द सुटला तेव्हा पुढच्या बाकावरची बाई रडली.

कागदावर ती कविता चार आण्यांची नाही. पण त्याचा श्वास अडतो तेव्हा ऐकणाऱ्याचाही अडतो. मी वर्षानुवर्षं घासून जे जमवलं, ते या गाढवाला फुकटात मिळालंय.

११ मार्च

प्राध्यापक — "काय ते थांबणं! कुठे शिकला?" म्हटलं, घरीच.

१९ मार्च

धाकटा गुपचूप स्पीच थेरपीच्या बाईंकडे जातोय. जेवताना म्हणाला, "ताई, हॉटेलात रिसेप्शनला घेतायत. एक तारखेला मुलाखत आहे." कुठेही अडला नाही. आईने पदर डोळ्याला लावला. शहराच्या काव्यस्पर्धेची अंतिम फेरी तीसला आहे, आमच्या मैफलीतर्फे मी याचंच नाव दिलंय, आणि हा आत्ता बरा होतोय.

'ताई' तेवढं त्याला कधीच अडलं नाही म्हणा. बोलायला लागला तेव्हापासून.

२६ मार्च

तालीम. पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हटली. कवितेचा पार मुडदा पाडला. मी म्हटलं, अडखळ.

"बाई म्हणाल्यात, मुद्दाम केलंस तर परत जडेल."

बाईंना कवितेतलं काय कळतं? तो जिंकला तर पुढच्या वर्षी मोठं सभागृह मला मिळणार आहे. हॉटेलातल्या किल्ल्या वाटायला काय, कोणीही मिळेल. आई मध्ये पडली — "अगं, सोड त्याला." तिला सांगितलं, तू पोळ्या बघ.

शेवटी तयार झाला. माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेलाय?

३० मार्च

जिंकलो! 'बाबां'वर असा अडला की परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. मान ताणलेली, डोळे मिटलेले. नाटक किती आणि खरं किती, मलाही कळेना. सादरीकरण म्हणतात ते हेच. नदीवालीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

उतरल्यावर बक्षीस माझ्या हातात ठेवून एकटाच घरी गेला. दमला असेल.

१ एप्रिल

मुलाखतीहून लगेच परत आला. दारातूनच मला हाक मारायला लागला. 'ता'वर थांबला. ओठ हलत राहिले, पुढचं येईना.

माझा हात सवयीने वर गेला. मी चुटकी वाजवली.