मिची नो एकीवर राहिलेली बाई

सर्जापूर रोड, बेंगळुरू
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

अक्का,

पाया पडते. दाजींच्या गुडघ्यालाही माझा नमस्कार सांग, सध्या तुमच्या घरात त्याचाच मान मोठा असणार. इकडे सगळे खुशाल. सिद्धी भिंत धरून चालते, सुरज आणि रम्या लॅपटॉप धरून चालतात, आणि हे सोफा धरून बसतात.

पत्राला कारण की, माझ्या परकरावर सोसायटीत ठराव झाला आहे.

हसू नकोस. चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत, कठड्याच्या आतल्या अंगाला, मी एक जांभळा परकर वाळत घातला. संध्याकाळपर्यंत तीनशे वीस घरांच्या ग्रुपवर त्याचा फोटो. वर लाल बाण, खाली इंग्रजीत मजकूर: इमारतीच्या दर्शनी रूपाला बाधा आणणारी वस्तू. बावन्न जणांनी अंगठे वर केले. निपाणीला आपण गल्लीभर दोऱ्या बांधून अख्ख्या खानदानाचे कपडे वाळवले, कुणाच्या रूपाला बाधा आली नाही. इथे कपडे यंत्रात वाळवतात. परकर आत जातो परकर म्हणून, बाहेर येतो उकडलेल्या पडवळासारखा. बाहेर सोन्यासारखं ऊन पडलेलं असतं आणि त्याला कुणी विचारत नाही.

हे फोनवर का नाही सांगितलं, म्हणशील. इथे भिंतींना कान नाहीत, कारण भिंतीच नाहीत. ओटा, टीव्ही, जेवणाचं टेबल, सगळं एकाच मैदानात. शिवाय मी कुठे आहे ते सुरजला ऑफिसात बसून दिसावं, अशी सोय त्याने माझ्या फोनमध्ये केली आहे. बिचाऱ्याला रोज एकच ठिकाण दिसतं.

जपानहून आल्यावर ‘आठ दिवस राहा’ म्हणून आणलं, त्याला आता तीन महिने होतील. खाली गेटवर मंजुनाथ नावाचा वॉचमन आहे, भला माणूस. मी एकटी दिसले की म्हणतो, “अम्मा, स्वल्प थांबा, सरांना फोन करतो.” कोथिंबीर आणायलासुद्धा परवानगी लागते. कारण तुला ठाऊकच आहे. मी जपानात हरवले.

तो किस्सा ह्यांनी तुला फोनवर रंगवून सांगितलाच असेल. लग्नात, बारशात, लिफ्टमध्ये, कुठेही सांगतात. “आमची ही भाज्या बघत बसली आणि बस गेली निघून!” लोक हसतात, मीही हसते. पण येत्या गुरुवारी यशवंतपूरच्या घराचा भाडेकरार आहे. पुढची खोली, जिथे बावीस वर्षं मी शिवणक्लास चालवला, तिथे मोबाइलचं दुकान येणार. मशिनी विकायच्या, आम्ही दोघांनी कायमचं इथे राहायचं. मी म्हटलं, मी आठवड्यातले चार दिवस तिकडे राहीन, पोरी वाट बघतायत. तर सुरज म्हणाला, “आई, तू एका भाजीबाजारात हरवलीस. तुला एकटं कसं ठेवू?” आवाजात इतकी माया, की भांडायलाही जागा नाही. डॉक्टरकडेसुद्धा नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, मी काढलं. केळं, खुर्ची, सूर्योदय हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बघ, अजून आहेत लक्षात. डॉक्टर म्हणाले, उत्तम. सुरज म्हणाला, “पण डॉक्टर, बस सुटलेली तिला कळली नाही.”

करारावर माझी सही लागते, घर दोघांच्या नावावर आहे. ह्यांनी मात्र माझ्या वतीने कधीच सांगून टाकलंय, “ती तयारच आहे.”

आता तो किस्सा मी सांगते. तू बसून वाच.

नोव्हेंबरातली ती लाल पानांची सहल. डोंगरातून जाताना बस एका ठिकाणी थांबली. गाइड अभिमन्यू म्हणाला, ही ‘मिची नो एकी’, म्हणजे रस्त्यावरचं स्टेशन. आपल्या हायवेवर बस थांबते तिथे नाक धरून जायचं आणि धावत परत यायचं. इथलं संडासाचं भांडं गरम होतं, अक्का. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटून मी दचकले. बाहेर आले तर मोठी स्वच्छ शेड, आणि आसपासच्या गावांतले लोक आपापला माल पहाटे मांडून गेलेले. मुळे, रताळी, टेंभुर्णीसारखी, पण पेरूएवढी केशरी फळं, लोणची, बांबूच्या टोपल्या. प्रत्येक जुडीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर पिकवणाऱ्याचा फोटो. मुळ्यावर म्हातारा, लोणच्यावर म्हातारी. कुणी हसतंय, कुणी पासपोर्टासारखं बघतंय. आमच्या जाऊबाईंनी वीस वर्षं पापड लाटले, पाकिटावर नाव सासऱ्यांचं. मी तिथे एकेका जुडीवरचं तोंड बघत फिरत होते.

कोपऱ्यात एक बाई निळ्या कापडावर पांढरा दोरा घालत बसली होती. सत्तरीची असेल. साधा धावदोरा, पण नक्षी अशी की आईच्या वाकळेची आठवण झाली. मी वाकून बघायला लागले, तिने बाकावर सरकून जागा केली.

अभिमन्यूची मोजणी तुला सांगायला हवी. आपल्या लोकांच्या सहलीत माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. तो दारात उभा राहून हाक देतो, “मल्हारराव फॅमिली? कृष्णाजी फॅमिली?” आणि घरातला पुरुष ‘आहे’ म्हणतो. पहिल्या दिवशी त्याने एकेक डोकं मोजायला घेतलं होतं. तेव्हा ह्यांनीच त्याला झापलं, “आम्ही काय शाळेतली पोरं आहोत? घराचं नाव घे, आम्ही सांगतो.” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवशीही त्याने आमच्या घराची हाक दिली. हे पत्त्यात होते, मल्हाररावांशी रमी. पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाले, “आहे, आहे!”

मला कसं माहीत? काचेतून दिसत होतं. बस वीस पावलांवर उभी होती. ऐकू आलं नाही, पण ओठ ओळखायला मला बत्तीस वर्षं मिळाली आहेत. माझ्या जागेवर माझी शाल आणि पर्स होती. त्यांनी शालीकडेही बघितलं नाही. दार बंद झालं. मला हात करता आला असता. धावता आलं असतं. मी म्हटलं, बघू या, कधी लक्षात येतं. एवढंच. मग बस वळली.

म्हणजे मी हरवले नाही, अक्का. मी थांबले.

चाळीस मिनिटांनी ह्यांच्या गोळीची वेळ झाली. पर्स शेजारीच होती, पण सकाळची कुठली आणि दुपारची कुठली, हे विचारायला बायको नव्हती. तेव्हा कळलं.

इकडे माझ्याजवळ फोन नाही, पैसे नाहीत, पासपोर्ट नाही, भाषा नाही. भीती वाटायला हवी होती. त्या बाईने मला सुई दिली. मी दहा-बारा टाके घातले. तिने कापड हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि माझे शेवटचे चार टाके सुईच्या टोकाने शांतपणे उसवून मला परत दिलं. बावीस वर्षं पोरींचे टाके उसवणारी मी! इतकी हसले की लोणच्याजवळचा माणूस वळून बघायला लागला. तिने तिच्या डब्यातलं भाजलेलं रताळं अर्धं मोडून दिलं. कुणी मला आई म्हटलं नाही, काकू म्हटलं नाही, गोळी मागितली नाही. असे अडीच तास. लग्नानंतर इतका सलग वेळ मी कधी बसले होते, आठवून बघितलं. बाळंतपणात बसले असेन, पण तेव्हा मांडीवर सुरज होता.

अभिमन्यू टॅक्सी करून परत आला. घामाघूम, पोटात अन्न नाही. मला सुई हातात धरून हसताना बघून दारातच थबकला. टॅक्सीत थोड्या वेळाने म्हणाला, “काकू, तुम्ही बस बघितली होतीत ना?”

मी म्हटलं, “नाही रे बाबा.”

“बरं,” तो म्हणाला. पुढे रस्ताभर मला पानांची माहिती देत राहिला.

हॉटेलात ह्यांनी तक्रारीचा कागद तयार ठेवलेलाच होता. गाइडने माणसं न मोजता बस सोडली, प्रवाशांच्या जिवाशी खेळ. सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्यापुढे आला तेव्हा अभिमन्यू समोर उभा होता. त्याने एका शब्दानेही मला अडवलं नाही. मी सही केली. स्वच्छ अक्षरात, पूर्ण नाव.

त्याला कंपनीने परदेशच्या सहलींवरून काढलं. मल्हाररावांनी ही बातमी ह्यांना आनंदाने कळवली, ह्यांनी मला. परकराचं रामायण तुला आधी का सांगितलं, ते आता कळलं असेल. हे सांगायला मला लाज वाटत होती.

काल रविवारी, सगळे जेवायला बसले असताना, मी सांगून टाकलं. “मी हरवले नव्हते. बस जाताना बघितली आणि मुद्दाम थांबले.”

हे म्हणाले, “असं कसं? मी तर ‘आहे’ म्हटलं होतं!”

सुरजने घास खाली ठेवला. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, “अप्पा, हे नवीन आहे. आता तिला असं वाटायला लागलंय.” आणि फोन काढून त्या डॉक्टरांची पुढची वेळ बघायला लागला.

बघितलंस? खोटं बोलले तेव्हा सगळ्यांना पटलं. खरं बोलले तर दुखणं ठरलं.

रम्या भांडी आवरताना जवळ येऊन हळूच म्हणाली, “अत्ते, खरंच थांबलात?” मी मान हलवली. ती हातातलं ताट पुसतच राहिली. मग म्हणाली, “अडीच तास?” आणि तिने असा श्वास सोडला, जसा मी त्या बाकावर सोडला होता. माझी सून दिवसाला बारा तास काम करते. तिला माझी गरज आहे, हे मला दिसतं. म्हणून तर हे अवघड आहे. नुसते दुष्ट लोक असते तर मी कधीच पायात चपला घातल्या असत्या.

आता पुढचं पोस्टातल्या टेबलावर उभ्याने लिहिते आहे, अक्षर गोड मानून घे.

सकाळी दोघं ऑफिसला गेल्यावर सिद्धीला ह्यांच्या मांडीवर दिलं. म्हणाले, “कुठे?” म्हटलं, “पोस्टात. दूध उकळलेलं आहे, ती झोपली की हळू ठेवा. रम्याला कळवलंय, ती दुपारी लवकर येते आहे, आणि आठवड्यातले तीन दिवस मी येणारच आहे. गुरुवारी सहीला मात्र येणार नाही.” त्यांनी टीव्ही बंद केला. बत्तीस वर्षांत माझं बोलणं ऐकायला त्यांनी टीव्ही बंद केल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांना सांगायला हवं.

गेटवर मंजुनाथ उठला. “अम्मा, स्वल्प थांबा.”

म्हटलं, “कर बाबा फोन. सांग, अम्मा मारतहळ्ळीची बस पकडतायत, पुढची बस यशवंतपूरची. शुद्धीत आहेत.” तो फोन हातात धरून उभा राहिला. मग त्याने छोटं फाटक उघडलं.

सुरज काय करेल, माहीत नाही. संध्याकाळी येईल, रडेल, डॉक्टरांनाही आणेल. आणू दे. पुढच्या खोलीत बसायला स्टुलं आहेत.

या पत्राआधी मी एक रजिस्टर्ड पत्र टाकलं, सहलीच्या कंपनीच्या मालकांना, पुण्याला. एक पान. बस मी बघितली होती, मी मुद्दाम चढले नाही, एकेक डोकं मोजायला आमच्याच माणसाने बंदी केली होती, तक्रारीवरची माझी सही खोटी गोष्ट खरी करण्यासाठी होती. अभिमन्यूंना त्यांचं काम परत द्यावं. एक प्रत त्यालाही. त्याचं उत्तर यावं अशी माझी अपेक्षा नाही. काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच झालं.

उत्तर यशवंतपूरच्या पत्त्यावर घाल.

तुझी,
रत्ना