पुसलेल्या कागदाचं पहिलं अक्षर

७ फेब्रु. ९४, सोमवार

सुरेश सकाळपासून एकच लावून धरतोय. स्टँडजवळच्या नव्या क्लासात रंगीत पडदा आहे, त्यावर विमान उडवायचा खेळ आहे, पोरं तिकडे चाललीत. आपल्या कॉम्प्युटरवर तो खेळ चालत नाही, कारण आपली डॉस जुनी. नवी टाकली की चालेल म्हणे. डॉस म्हणजे मशीन चालू केल्यावर जे आधी जागं होतं आणि बाकीच्यांना कामाला लावतं ते. मला एवढंच कळलंय आणि एवढं पुरे आहे.

मी म्हटलं, आपली टायपिंग इन्स्टिट्यूट आहे, विमानतळ नाही. बायकोचा भाऊ, त्यामुळे भीडभाड नाही. म्हणाला, "दाजी, जानेवारीत सात पोरं गेली. टाइपरायटरच्या खडखडाटावर आता कुणी येत नाही."

खरं आहे. म्हणूनच राग आला.

१० फेब्रु., गुरुवार

सु.ने बोलावलेला नांदेडचा माणूस आला. चुणचुणीत. कॉम्प्युटरचा डबा दोन दिवस नेतो म्हणाला. आतलं सगळं आमच्या फ्लॉप्यांवर उतरवून घेतो, नवी डॉस टाकतो, मग परत भरून देतो. मी विचारलं, उतरवून घेतलेलं तुमच्याकडे राहतं का? तर म्हणे, "राहिलं तरी कोण वाचतंय, मास्तर."

नेमकं हेच उत्तर मला नको होतं.

लोक माझ्यासमोर स्टुलावर बसून घरात न बोललेलं बोलतात. नांदवत नाही म्हणून अर्ज, भावाविरुद्ध अर्ज, हेडमास्तराविरुद्ध अर्ज. सगळं त्या डब्यात. डबा बाहेर जाणार नाही, असं सांगून त्याला चहा पाजून वाटेला लावलं. 

१२ फेब्रु., शनिवार

कार्बन जाळले. थोरले मास्तर, ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांचा नियम: वापरलेला कार्बन उजेडाला धरला की अक्षर न अक्षर वाचता येतं, म्हणून खाजगी कागदाचा कार्बन एकदाच वापरायचा, पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि शनिवारी मागच्या अंगणात पेटवायचा. बावीस वर्षं पाळतोय. ही म्हणते, धुरानं खोकला येतो. येऊ दे.

कॉम्प्युटरला कार्बन नसतो. मग तिथलं काय जाळायचं?

मनात अप्पांचा जबाब आहे, म्हणून हे सगळं. ताडकळसच्या पुढचं त्यांचं गाव. गावाचं आणि अप्पांचं पुरतं नाव मी इथेही लिहीत नाही. जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावच्या बौद्ध वस्तीतली तीन छपरं आणि कडब्याची गंज पेटवली. अप्पांनी ज्वारी राखताना माळ्यावरून पाहिलं. पाच जण ओळखले. त्यातला एक सख्ख्या चुलत्याचा मुलगा. तिसऱ्या दिवशी इथे आले, दार लावायला सांगितलं आणि सगळं बोलले. मी कॉम्प्युटरवर घेतलं, एक प्रत काढून दिली. म्हणाले, "पोलिसांत लगेच देत न्हाई मी. जरा धीर येऊ द्या. तवर तुमच्यापाशी असू द्या."

तीन एकरांचा माणूस. विहीर भावकीत सामाईक. धीर कुठून येणार?

१६ फेब्रु., बुधवार

अप्पा आले. दाढी वाढलेली. भावकीला कुणकुण लागलीय की यानं परभणीत काही लिहून दिलंय. रविवारी खंडोबाच्या देवळात बेल-भंडार उचलायला सांगितलंय. बेलाचं पान आणि भंडारा हातात धरून म्हणायचं, माझं लिहिलेलं कुठंच नाही. नाही उचललं तर विहिरीचं पाणी बंद.

घरची प्रत त्यांनी चुलीत घातली. राहिली इथली.

"पुसा मास्तर. बेल हातात घ्यायच्या आधी खरंच कुठं असायला नको. म्या देवाम्होरं खोटं बोलणार न्हाई."

मी म्हटलं, अप्पा, वस्तीचं काय?  म्हणाले, "त्येचं मला कळत न्हाई का?"

त्यांच्यासमोर पुसलं. यादी काढून दाखवली, आधी नाव होतं, आता नाही. "गेलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेलं. त्यांनी पडद्याला हात जोडले. मला लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं. ते लिहून ठेवतो.

२१ फेब्रु., सोमवार

ता.कळसकडचा एक जण अर्ज टाइप करायला आला होता, त्याच्याकडून कळलं. अप्पांनी काल बेल-भंडार उचलला. देऊळ भरलं होतं म्हणे. आवाज कापला नाही.

२३ फेब्रु., बुधवार

सु.ला सांगितलं, टाक तुझी नवी डॉस. पण इथे, माझ्या डोळ्यांदेखत, आणि काहीही कुणाच्या फ्लॉपीवर उतरवायचं नाही. तो चकित. एवढा ताणून धरलेला माणूस ढिला का पडला, हे त्याला कळलं नाही. ज्याची भीती होती ते पुसून झालं, आता उडवा विमान.

२६ फेब्रु., शनिवार



नांदेडवाला सकाळी आला. अकरा पोरं भोवती. दोन तासांत नवी डॉस बसली. मग विमान उडालं, पोरांनी एकच कल्ला केला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तो म्हणाला, मास्तर, हिच्यात नवीन काय आहे ते दाखवतो, तुम्ही खूश व्हाल. चुकून पुसलेलं परत आणता येतं. दोन-चार बटणं दाबली आणि पडद्यावर यादी. मी दोन वर्षांत पुसलेलं कितीतरी. प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर तेवढं गेलेलं, तिथे प्रश्नचिन्ह. बाकी नाव जसंच्या तसं. तारीखसुद्धा.

"हे बघा, ही फाइल नशिबानं पूर्ण शाबूत आहे. पहिलं अक्षर सांगा फक्त, आत्ता उघडतो."

अप्पांचीच होती.

मी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. दोन टाइपरायटरांवर पोरं बडवत होती, त्यांचेही हात थांबले. नांदेडवाला म्हणाला, असं मध्येच बंद केलं तर मशीन खराब होतं. सु. ओरडला. मी म्हटलं, होऊ दे खराब.

पुसणं म्हणजे कार्बन जाळणं, असं मी धरून चाललो. बावीस वर्षं राख बघितलेला माणूस. आणि त्या भरवशावर एका माणसाच्या हातात बेल दिला.

कार्बन आज जाळले नाहीत.

१ मार्च, मंगळवार

मशीन ठीक आहे. सु.ला सगळं सांगितलं, गावाचं नाव सोडून.  मग त्यानं समजावलं ते असं: पुसलं की कॉम्प्युटर नुसतं नाव खोडतो, मजकूर तिथेच पडून असतो. त्या जागेवर दुसरं काही जाऊन बसलं की मगच तो खरा जातो. नांदेडहून आणखी सहा खेळ यायचेत. "ते भरले दाजी, की डिस्क गच्च होते. तुमचं ते आपोआप बुजतं. आपल्याला काही करायलाच नको."

काही करायलाच नको. हेच तर मला हवं होतं. ऐकल्यावर मात्र नको वाटलं.

तूर्त डबा बंद ठेवलाय. चालू करायचा नाही, भरायचं नाही, पुसायचं नाही. पोरांना सांगितलं, दुरुस्तीला आहे.

७ मार्च, सोमवार

गिरजाबाई आल्या. त्याच वस्तीतल्या, तीन छपरांपैकी एक त्यांचं. कुणीतरी माझा पत्ता दिला, अप्पांशी संबंध नाही. अर्ज टाइप करायचा होता. हात भाजलेला, अजून फडकं बांधलेलं. कचेरीत त्यांना सांगितलं म्हणे, तुमच्याशिवाय दुसरं कुणी पाहिलंय का, तर आणा. गावातला कुणी बोलला तर पुढं सरकेल.

मी त्यांचा अर्ज टाइपरायटरवर घेतला. कॉम्प्युटर माझ्या उजव्या हाताला, चादर घातलेला. त्यात पाच नावं.

त्या म्हणाल्या, "कुनी तरी बघितलं आसंलच की मास्तर. येवढा उजेड पडला व्हता." मी मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे.  मी भेकड आहे, हे आज पहिल्यांदा कळलं असं नाही, पण इतकं जवळून नव्हतं पाहिलं.

दोन टोकं माझ्याच हातात आहेत. खेळ भरले तर अप्पांची शपथ खरी होते. उघडलं तर गिरजाबाईंना माणूस मिळतो. आणि दोन्ही मी करायचं नाही, कारण कागद माझा नाही. ज्याचा आहे त्याला तो शिल्लक आहे हेच ठाऊक नाही. आधी ते सांगायला हवं.

९ मार्च, बुधवार

निघालो, स्टँडपर्यंत जाऊन परत आलो. बस चुकली असं हिला सांगितलं. चुकली नव्हती.

१२ मार्च, शनिवार

आज गेलो. ता.कळसला बाजारात गाठलं, मिरच्या घेत होते. बाभळीखाली बसून सांगितलं. सरळ सांगितलं, अप्पा, त्या दिवशी गेलं म्हणालो ते गेलं नव्हतं. मला माहीत नव्हतं.

मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. एक-दोघांनी रामराम घातला, त्यांचा घेतलाही. मग हळू म्हणाले, "म्हंजे म्या उचलला तवा ते व्हतं."

मी म्हटलं, चूक माझी. पाप असलं तर माझं.

"हात माझा व्हता, मास्तर."

रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी गिरजाबाईंचं सांगितलं. भाजलेल्या हाताचंही. त्यांना ठाऊक होतं. तेलपट्टीला तेल अप्पांच्याच घरातून गेलं होतं म्हणे, बायकोनं मागच्या दारानं दिलं. मग विचारलं, अजून आहे का ते? आहे म्हटलं, नावाचं पहिलं अक्षर दिलं की परत येतं. पहिलं अक्षर कोण देतं? म्हटलं, समोर बसेल तो.

"मग कुनाला बसू देऊ नगा. पुढल्या शनवारी येतो मी."

१५ मार्च, मंगळवार

नांदेडच्या फ्लॉप्या आल्या. सहा खेळ. पोरं विचारून विचारून दमली. आज आणखी तिघं नव्या क्लासात गेली. सु. म्हणाला, दाजी, एका कागदासाठी इन्स्टिट्यूट बुडवताय. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब. सोमवारी तुला जे भरायचं ते भर. त्यानं कबूल केलं. नंतर मला चहा आणून दिला. वाईट नाही तो.

फ्लॉप्या टेबलाच्या खणात ठेवल्यात, किल्ली माझ्याकडे.

१९ मार्च, शनिवार

दुपारी एकच्या बसनं आले. पोरांना सुटी दिली, सु. घरी गेला. अप्पा धुतलेलं धोतर नेसून आलेले. बाहेरच्या रांजणावर हात धुतले, कोपरापर्यंत, आणि पुसले नाहीत. मग आत आले.

मी मशीन चालू करून यादी काढली. त्यांच्या नावापुढे आणून ठेवली. कॉम्प्युटर विचारतो, परत आणायची का? हो म्हटलं, की पहिलं अक्षर मागतो. अप्पांना सही येते, इंग्रजी अक्षरं येत नाहीत. हो म्हणायचं आणि पहिल्या अक्षराचं, दोन्ही बटणं बोटानं दाखवली. नाही म्हणायचं बटणही दाखवलं, तेही बरोबरीनं; ते एक दाबलं की पुरे. सोमवारी खेळ भरले की मग कुणालाच काढता येणार नाही, हे सांगितलं. काढलं तर काय होईल, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

विचारलं, "देवाला काय सांगू?"  मी म्हटलं, मला माहीत नाही अप्पा.

त्यावर हसल्यासारखे झाले. म्हणाले, "तुमी भायेर बसा. ह्ये माझं मला करू द्या."

अक्षर दिलं तर हाक मारा, मी छापून देतो. नाहीतर नुसते उठून या, मी काही विचारणार नाही. एवढं बोलून बाहेर आलो.

मागच्या अंगणात पायरीवर बसून लिहितोय. तीन वाजून गेले. पत्र्याचा डबा समोर, चार आठवड्यांचे कार्बन कडेपर्यंत भरलेत. काडीपेटी खिशात आहे. पेटवलेला नाही.

आत्ता आत एक बटण वाजलं. एकच.

हाक अजून आलेली नाही. खुर्चीही सरकलेली नाही.