विठाबाईच्या कपबशा आणि सोमवारची सही

मी, गुणाबाई भ्र. निवृत्ती वडजे, वय एकाहत्तर, जिल्हा परिषद शाळेतून सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार औसा रोड, लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, भुलीने किंवा आग्रहाने लिहीत नाही. आग्रह पुष्कळांनी केला, तो मी मानला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

येत्या मंगळवारी नांदेडला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, लोह्याच्या रजिस्ट्री कचेरीत माझी भाची सुकन्या हिची हक्कसोड पत्रावर सही घ्यायचे तिच्या भावाने, शिवमने, ठरवले आहे. हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा मुलीने भावाला सोडून देण्याचा कागद. आत्या दवाखान्याच्या गडबडीत असेल, हे पाहूनच त्याने वार निवडला आहे असा माझा स्पष्ट संशय आहे. म्हणून हे आजच लिहिणे भाग आहे.

कलम १. राहते घर माझ्या पतीच्या नावचे होते. ते वडज्यांच्या घरात राहावे हे न्यायाचे आहे, म्हणून ते पुतण्या बजरंग यास देते. ‘काकू, तुमची काळजी घ्यायला आलो’ म्हणत तो पोळ्यानंतर मुक्कामाला आला आणि काळजी घेता घेता त्याने माझ्या काचेच्या कपाटाचे माप घेतले. मी तपासणीला गेले असता त्याने पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला बोलावून कपाट उघडून दाखवले. परत येऊन पाहते तर निळ्या मोराच्या कपाची जागा रिकामी. विचारले तर म्हणतो, “एकच कप दाखवायला नेलाय काकू, येऊन राहिलाय परत.” तो कप अजून येऊनच राहिला आहे. तो कपाटात परत आल्याशिवाय बजरंगला घराचा ताबा देऊ नये. कपाटाची किल्ली तेव्हापासून माझ्या गळ्यात आहे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचे बिल भागवावे. उरेल ते मुखेडच्या माझ्या जुन्या शाळेला द्यावे आणि तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवावी. मी नोकरीभर ती मागत होते.

कलम ३. आता कपाटाविषयी. यात माझी आई विठाबाई हिचा चहाचा संच आहे, आणि त्याच्या मागे लागून मी आयुष्यभर गोळा केलेले इतर हाताने रंगवलेले चिनी मातीचे कप, बशा आणि चहादाण्या आहेत. आईचा संच माझ्या वडिलांनी हैदराबादेहून आणला होता. पांढऱ्यावर गुलाबी फुले, काठाला सोन्याची रेघ. आलेल्या पाहुण्यांना, तहसीलदाराला, जावयांना त्यातून चहा जायचा. आई स्वतः चुलीपाशी पितळी वाटीत चहा प्यायची. तिच्या ओठाला तो कप कधी लागला नाही.

वडील गेल्यावर माझा भाऊ शेषेराव, म्हणजे सुकन्याचा बाप, मला लोह्याला घेऊन गेला. कचेरीबाहेर निंबाखाली उभा राहून म्हणाला, “गुणे, सही करून टाक. माहेर तुटायचं न्हाई तुझं. तुला काय पाहिजे ते माग.” मी म्हणाले, “आईच्या कपबशा दे.” त्याला हसू आवरेना. जमिनीच्या बदल्यात बहीण कपबशा मागते, असे तो पुढे वर्षानुवर्षे लोकांना सांगत असे. सही झाली. घरी येऊन त्याने कडब्याच्या भुशात बांधून पाच कप दिले आणि सहावा ठेवून घेतला. “एक राहू दे इथं. त्यातून चहा प्यायला येत जा.” मी जात राहिले. भावजयीने मला दरवेळी स्टीलच्या पेल्यात चहा दिला.

त्या सहाव्याचा जोडीदार शोधण्यापायी माझा हा नाद सुरू झाला. मुखेडचा आठवडी बाजार, देगलूरचे भंगारवाले, नांदेडची जुनी दुकाने, जिथे जुनी भांडी निघतात तिथे मी गेले. लोक म्हणत, “बाई, कान तुटलेला कप कशाला घेऊन राहिल्या?” सहावा कुठेच मिळाला नाही. पण हाताने रंगवलेल्या कपाचे वेड लागले ते लागलेच. माझे पती निवृत्ती कधी हसले नाहीत. पगारातून एखादी चहादाणी आली की ते तिच्यासाठी कपाटात जागा करून देत.

कलम ४. हे कप ज्याच्या हाती जातील त्याने भांड्याची घासणी त्यांना लावू नये, सोन्याची रेघ जाते. रिठ्याच्या कोमट पाण्यात बोटांनी धुवावे. कान खिळ्याला अडकवून टांगू नये, एकावर एक रचू नये. खरा कोणता आणि छापील कोणता हे कळायला फुलावरून नख फिरवावे, रंगाचा उंचवटा लागतो. आणि दोन कप शेजारी ठेवून पाहावे. हाताने काढलेली दोन फुले कधी सारखी नसतात. सुकन्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा हे तिला सांगितले होते. ती तेव्हा फ्रॉकमध्ये होती. आता अर्धापूरला तिच्या नवऱ्याची केळीची बाग आहे, पण आजही तिला डोळे मिटून नखाने खरा कप ओळखता येतो.

कलम ५. म्हणून वरील संपूर्ण संग्रह, आईच्या संचासह, सुकन्या हिला देते. मात्र अट अशी की, सोमवारी तिने हक्कसोड पत्रावर सही केलेली नसावी. सही केल्यास यातील एक बशीही तिला मिळणार नाही, सर्व कप जाहीर लिलावात विकावेत.

वकील धम्मप्रिया वाघमारे मला म्हणाल्या, “बाई, मृत्युपत्रात राग लिहायचा नसतो.” मी म्हणाले, “मग कशात लिहू?” त्यांनी लिहून घेतले.

कलम ६. (टंकलिखित मजकूर वाचून दाखवल्यानंतर मी स्वहस्ते वाढवलेले, साक्षीदारांसमक्ष.)

रीतीप्रमाणे मसुदा मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मला इथे, वकीलबाईंच्या कचेरीत, सुकन्यानेच गाडीतून आणले होते. ती बाहेरच्या बाकावर होती आणि दार उघडे होते. कलम ५ वाचून होताच ती आत आली. तिचा चेहरा पाहून वकीलबाई वाचायच्या थांबल्या.

ती म्हणाली, “आत्या, पप्पांनी कप देऊन तुझी सही घेतली. तू कप देऊन माझी सही अडवून राहिलीस. फरक काय हाय मग?”

मी म्हणाले, “फरक आहे. मी तुझ्या भल्यासाठी करते.”

“पप्पाबी तुला हेच म्हणले असतील.”

शेषेराव खरेच असेच म्हणाला होता. माझ्या छातीत कळ आली. वकीलबाईंनी पाणी दिले, मी ते बाजूला सारले आणि विचारले, “मग सोमवारी करणार काय तू? शिवमला काय सांगणार?”

ती म्हणाली, “सही करायची का न्हाई, ते माझं मी ठरवीन. त्यालाबी हेच सांगितलंय. कप ठेव तुझे.”

मला तिचा भयंकर राग आला होता, आणि रागाच्या आत कुठेतरी मला रडू येत होते. शिकलेली होते, नोकरी करत होते, वर्गात पोरींना ताठ उभे राहायला शिकवत होते. तरी लोह्याला निंबाखाली ‘माझे मी ठरवीन’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी बक्षीस मागितले. या पोरीने कोणाकडे काही मागितले नाही, माझ्याकडेही नाही.

सबब कलम ५ मधील अट मी रद्द करीत आहे. संपूर्ण संग्रह सुकन्या हिचाच आहे, सोमवारी तिने सही केली तरी आणि न केली तरी. तिने त्यातून रोज चहा प्यावा, फुटले तर फुटू द्यावे. बजरंगबाबतची अट मात्र कायम आहे.

सोमवारी ती काय करणार हे मला माहीत नाही. मी पुन्हा विचारले नाही. मला भीती वाटते आहे, आणि मंगळवारची वाटत नाही एवढी सोमवारची वाटते. ती माझी भीती आहे, तिच्यावर ती लादायचा मला अधिकार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅड. धम्मप्रिया वाघमारे यांनी करावी. खाडाखोड नाही. कलम ६ मधले अक्षर माझे आहे, ते वाकडे आले आहे.

लिहून देणार: गुणाबाई भ्र. निवृत्ती वडजे (सही)

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: व्यंकटी मारोती टाळीकुटे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, लातूर (सही)
साक्षीदार २: तनुजा सिद्धराम बिरादार, शेजारीण, औसा रोड, लातूर (सही)

ठिकाण: लातूर
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार