अकोल्याचे धष्टपुष्ट शिपाई

अकोला, फाल्गुन, शके १७८५

तीर्थस्वरूप नत्थुजीमामांच्या पायी भाचा सूर्यभान जमादार याचा दंडवत. इकडे सर्व खुशाल. तिकडे बार्शीटाकळीस मामींचा गुडघा पायरी चढू देतो की नाही, ते कळवावे. तुमचा कापूस वेचून झालाच असेल. (सहज विचारले. या पत्रास तसे काहीच कारण नाही.)

मामा, विलायतेस कापूस कमी पडल्यापासून इथे रुईला असा भाव चढला आहे की चोर चांदी सोडून रुई पळवतात. व्यापाऱ्यांनी नव्या साहेबांकडे अर्ज केला, की पोलीस इतके वाळलेले आहेत, त्यांना पाहून चोराला भय वाटत नाही, दया येते. साहेब म्हणाले, रविवारी पाहणी करतो. ज्याचे शिपाई रुबाबदार, तो जमादार ठाणेदार. उमेदवार दोघेच, बाजार चौकीचा मी आणि वेशीच्या चौकीचा खुशालराव. त्याला मिशा आहेत, मला (तुम्ही जाणताच) नाहीत. माझे आठही शिपाई असे, की डगला खुंटीवर असताना जास्त भरलेला दिसतो. चौकीत चोराकडून जप्त केलेला एका शेटजींचा रुईचा बोजा पडून होता. म्हटले, पडून तरी काय करतो आहे? तुमच्या भाचेसुनेने, वच्छलाने, आठही डगल्यांना अस्तर लावून आत रुई भरली. भरता भरता म्हणते, "तुमी पोलीस बनवून राहिले का गाद्या?" (तिला सरकारी कामातले काही कळत नाही.)

रविवारी काय थाट, मामा! बाजारातून आठ पहिलवान चालले. पुंजाराम शिपायाला तर त्याच्या आईने ओळखले नाही, शेजारून निघून गेली. साहेबांनी त्याच्या छातीवर थाप मारली आणि हात मनगटापर्यंत आत गेला. साहेबांनी विचारले, "वाहवा, खाता काय?" पुंजाराम घाबरून म्हणाला, "सरकी, सायेब." साहेबांनी ते वहीत लिहून घेतले!

पण पुंजारामाच्या बाहीतून लोंबणारी रुई खुशालरावाने पाहिली होती. त्याने तिथेच साहेबांना सुचवले, की जप्त बोजा येत्या शनिवारी भर बाजारात तोलून शेटजींना परत द्यावा, पोलिसांचे नाव होईल. साहेब खूष. वर हुकूम, की तराजूपाशी हेच आठ पहिलवान उभे राहावेत. आता रुई बोज्यात घातली तर शिपाई वाळतात, शिपायांत ठेवली तर बोजा वाळतो आणि तुमचा भाचा चोर म्हणून आत जातो. पण तुम्ही काळजी करू नये. मी अगदी मजेत आहे.

ता. क. : मजेत नाही. झोप नाही, अन्न गोड लागत नाही. रुई आज बोज्यात परत भरली. पुंजारामासह आठही शिपाई रिकामे डगले घालून हे पत्र घेऊन येत आहेत. दर डगल्यास दोन शेर रुई भरून धाडावी, तुमचे उपकार विसरणार नाही. गाडीने मात्र पाठवू नये. वेशीवर खुशालरावाची माणसे गाड्या तपासतात, पोटे तपासत नाहीत. कुणी विचारलेच तर मामींच्या हातचे जेवण अंगी लागले, असे सांगायला शिकवले आहे.

ता. क. दुसरा : मामींना म्हणावे, शिपायांना खरोखर पोटभर जेवू घालू नये. डगल्यात जागा लागेल.